अंदमानला जाताना भरती-ओहोटीचा तक्ता सोबत ठेवा

नाशिकचे एक कुटुंब जानेवारीत सात दिवसांसाठी अंदमानला निघाले आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी आहे. आईंचे गुडघे दुखतात आणि पोहणे घरात कोणालाच येत नाही. कोकणचा समुद्र त्यांनी अनेकदा पाहिलेला असल्यामुळे त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: छायाचित्रांत दिसणारा तो मोरपिशी रंग खरोखर असतो का, आणि सात दिवसांत कोणती बेटे पाहावीत. त्यांच्या हाती आलेल्या सहलीच्या कागदावर सहा बेटे आणि चौदा स्थळे आहेत.

मी मूळची मालवणची. सागरी जीवांची ओळख करून देणाऱ्या सहली घेऊन 2003 पासून दरवर्षी अंदमानला जाते, आणि म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देते.

रंग खरा आहे. तो तसा का दिसतो, हे समजून घेतले तर कुठे जायचे आणि कधी जायचे याचेही उत्तर बरेचसे मिळते. आपल्या कोकणात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यात तांबडी माती समुद्रात ओततात. शिवाय आपल्या किनाऱ्याचे पाणी अन्नद्रव्यांनी भरलेले असते, त्यात सूक्ष्म जीव सुखाने वाढतात आणि त्यामुळेच ते हिरवट, गढूळ दिसते. आपला बांगडा आणि तारली त्याच गढूळपणावर पोसली जातात, म्हणून कोकणच्या पाण्याला कमी लेखण्याचे कारण नाही. अंदमानात मोठी नदी नाही, डोंगर दाट जंगलाने झाकलेले आहेत आणि जंगल माती धरून ठेवते. पाणी स्वच्छ राहते, ऊन तळापर्यंत पोहोचते आणि जिथे ऊन तळापर्यंत पोहोचते तिथे प्रवाळ वाढते. मालवणलाही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, पण ते तुकड्यातुकड्यांनी आहे. अंदमानात त्याच्या बागाच्या बागा आहेत.

वाळू पांढरी का, याचेही उत्तर प्रवाळातच आहे. आपली वाळू बरीचशी खडकांची झीज होऊन आलेली असते. तिथली वाळू म्हणजे प्रवाळाचा, शंखशिंपल्यांचा आणि चुनखडी धरणाऱ्या शेवाळाचा भुगा. पोपटमासा नावाचा एक रंगीत मासा आहे, त्याचे दात पोपटाच्या चोचीसारखे एकजीव झालेले असतात. तो प्रवाळावरचे शेवाळ खाताना प्रवाळही खरवडतो आणि न पचलेला चुना पांढऱ्या वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. पाण्यात डोके घालून स्थिर राहिले, तर त्याच्या दातांचा कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि पुढच्याच क्षणी त्याच्या मागे धुरासारखा वाळूचा पांढरा लोट दिसतो. आपल्या मुलीला हे आधी सांगून ठेवा. तिथे ती प्रथम तोच मासा शोधेल. अशा पांढऱ्या तळावर गुडघाभर पाणी असेल तर ते काचेसारखे दिसते, पुरुषभर असेल तर मोरपिशी आणि जिथे प्रवाळाची कडा संपून तळ खाली जातो तिथे एकदम शाईसारखे निळे. तिन्ही रंग एकाच ठिकाणी उभे राहून दिसतात. त्यांच्यामधली रेघ भरती-ओहोटीबरोबर पुढेमागे सरकत राहते.

सहलीचे वेळापत्रक जेवणाच्या वेळा पाहून आखू नये, ते पाणी पाहून आखावे, असे मी म्हणते ते याच कारणाने. मी हे शिकले ते एका चुकीतून. 2008 साली एका सहल कंपनीने आखून दिलेल्या कार्यक्रमानुसार मी सव्वीस जणांना नील बेटावरच्या नैसर्गिक खडकपुलाकडे घेऊन गेले होते. तेव्हा नीलला नीलच म्हणत. 2018 च्या डिसेंबरात त्याचे शहीद द्वीप, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामांतर झाले. आम्ही पोहोचलो तेव्हा भरती पूर्ण चढलेली होती. पुलापर्यंत जाण्याची वाट ज्या खडकाळ तळावरून आहे तो सगळा पाण्याखाली होता. लोकांनी लांबून एक कमान पाहिली आणि ते परत फिरले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी एकटी तिथे गेले आणि तीन तास बसून राहिले. तळ उघडा पडला होता आणि त्यात ठिकठिकाणी परातीएवढ्या डबक्यांत पाणी राहिले होते. एका डबक्यात समुद्रकाकडी नावाचा काकडीच्या आकाराचा प्राणी पडलेला होता, दुसऱ्यात समुद्रफूल नावाच्या प्राण्याच्या हलत्या बोटांमध्ये केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा आतबाहेर करत होता, आणि खडकात रुतून बसलेल्या एका मोठ्या शिंपल्याचे जांभळे-निळे ओठ माझी सावली पडताच मिटत होते. सावली दूर झाली की ते हळूहळू उघडत. त्या सव्वीस जणांना हे दाखवता आले नाही, याची रुखरुख मला अजून आहे, आणि तेव्हापासून तारखा ठरवण्याआधी मी तिथी पाहते.

कोकणात आपण उधाण आणि भांग हे शब्द सहज वापरतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असते. तेव्हा भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटीही सर्वांत खाली उतरते, म्हणून प्रवाळाचा उथळ तळ उघडा पाहायचा असेल तर ते दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची हालचाल मंदावते, गाळ कमी ढवळतो आणि पाण्याखालचे दृश्य अधिक स्वच्छ दिसते. तळावरून चालायचे असेल तर ओहोटी हवी. तोंडाला नळी आणि डोळ्यांना मुखवटा लावून वरून तरंगत पाहायचे असेल, म्हणजे स्नॉर्केलिंग करायचे असेल, तर भरतीच्या जवळची वेळ हवी, कारण ओहोटीला पाणी इतके उथळ होते की माणसाचे पाय प्रवाळावर आपटतात आणि दोन्हींना इजा होते. तिथीला पाऊण पटीने गुणून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा हिशेब मात्र तिथे लावू नका. तिथल्या वेळा वेगळ्या आहेत. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो, त्यात पोर्ट ब्लेअरचा तक्ता असतो. आपल्या सात दिवसांचे आकडे एका कागदावर उतरवून घ्या आणि मग सहल आखणाऱ्याशी बोला.

दुसरे घड्याळ सूर्याचे. अंदमान मुंबईपासून सुमारे 20 रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच भारतीय प्रमाणवेळेचे. त्यामुळे जानेवारीच्या मध्यात तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वापाचच्या आत मावळतो. दुपारी चारला निवांत चहा घेऊन किनाऱ्यावर जाऊ, अशा हिशेबाने निघालेली कुटुंबे अंधारात पोहोचलेली मी दर हंगामात पाहते. पहाटे पाचला उठा, दुपारी आई-वडिलांना विश्रांती द्या आणि साडेतीनला पुन्हा बाहेर पडा.

आता बेटांविषयी. आपल्या कागदावरच्या सहांपैकी मुक्कामाला तीनच बेटे ठेवावीत असे माझे स्पष्ट मत आहे: पोर्ट ब्लेअर ज्यावर आहे ते दक्षिण अंदमान, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. 2024 पासून पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम् झाले आहे. तिकिटांवर आणि लोकांच्या तोंडी दोन्ही नावे येतील, तेव्हा गोंधळू नका. बोटीचा प्रवास, धक्क्यावरची तपासणी, सामानाची चढउतार यांत अर्धा दिवस सहज जातो, आणि प्रत्येक वाढीव बेटामागे आपण पाण्याजवळचा एक अर्धा दिवस गमावत असता.

स्वराज द्वीप बोटीने साधारण 40 किलोमीटरवर आहे. तिथला राधानगर किनारा 2004 साली टाइम नियतकालिकाने आशियातील सर्वोत्तम किनारा म्हणून गौरवला आणि तेव्हापासून सगळे तिथे जातात. तरीही तो त्या कौतुकाला उणा पडत नाही. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा, अर्धचंद्रासारखा वळलेला, पश्चिमेकडे तोंड असलेला हा किनारा आहे. लोक पाण्याकडे पाहतात. आपण एकदा पाठ फिरवून जंगलाकडे पाहा. किनाऱ्याच्या अगदी कडेपर्यंत समुद्रमहुआचे उंच, सरळ, काळसर खोडांचे वृक्ष उभे आहेत आणि त्यांची दाट सावली वाळूवर येते. आपल्या आईंना त्या सावलीत बसूनच समुद्र दिसेल, उन्हात एक पाऊलही टाकावे लागणार नाही. अंदमानच्या इतर किनाऱ्यांवर उंडी, भेंड आणि केवडा भेटेल. ही झाडे आपल्या ओळखीची आहेत, आणि इतक्या दूर आल्यावर उंडीचे फळ वाळूत सापडले की मला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

जानेवारीत वारा ईशान्येकडून येतो. त्यामुळे पश्चिमेकडचा राधानगर शांत असतो आणि पूर्वेकडच्या काळापत्थर किनाऱ्यावर थोडी खळबळ असते. काळापत्थरला पहाटे सूर्योदयासाठी जावे, पाण्यात उतरण्यासाठी राधानगर बरा. मात्र कुठेही नाल्याच्या किंवा खाडीच्या मुखाजवळ पाण्यात उतरू नका. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत, 2010 साली राधानगरजवळ एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. धोक्याचे फलक जिथे आहेत, तिथे ते त्या कारणानेच लावलेले आहेत. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा वाद न घालता बाहेर यावे.

त्याच बेटावरचा एलिफंट बीच स्नॉर्केलिंगसाठी प्रसिद्ध आहे. तिथे बोटीने किंवा जंगलातल्या पायवाटेने जाता येते. पायवाट शेवटी चिखलाची होते, म्हणून आपण बोटच घ्या. हवा भरलेल्या कड्याला धरून प्रशिक्षक आपल्याला ओढत नेतो, त्यामुळे पोहता येत नसले तरी अडत नाही. फक्त मुखवट्यातून नाकाने श्वास घ्यायचा नसतो, ही सवय मुलीला घरीच बादलीभर पाण्यात करून द्या. किनाऱ्यावर मोठमोठ्या झाडांचे वाळलेले, पांढरे पडलेले बुंधे आडवे पडलेले दिसतील. तो 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपाचा आणि त्सुनामीचा ठसा आहे. त्या एका सकाळी उत्तर अंदमानचा भूभाग वर उचलला गेला आणि तिथले प्रवाळ उघड्यावर येऊन मेले, तर दक्षिणेकडे जमीन सुमारे मीटरभर खचली; पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटची भातशेती तेव्हा खाऱ्या पाण्याखाली गेली. 2003 मध्ये मी जिथे चालले होते तिथे 2005 मध्ये पाणी होते.

प्रवाळाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जुन्या प्रवासवर्णनांत वाचलेले रंग आपल्याला सगळीकडे दिसणार नाहीत. प्रवाळाचा जीव फार लहान असतो, त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, तेच त्याला अन्न देते आणि तेच रंग देते. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जरी तापले, तरी प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. 2010 च्या उन्हाळ्यात अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झाले. त्या मे महिन्यात मी पाण्यात उतरले, तेव्हा खाली शिंगांच्या आकाराची प्रवाळाची झुडुपे टोकापासून बुडापर्यंत खडूसारखी पांढरी झाली होती. मासे अजून त्यांच्यातच फिरत होते, जणू काही झालेच नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी तपकिरी शेवाळाने मढलेले सांगाडे होते. काही ठिकाणी नवे प्रवाळ धरले आहे, बशीएवढे, हाताच्या पंजाएवढे. त्याला तेवढे व्हायला वर्षे लागली आहेत. म्हणून त्यावर उभे राहू नका, त्याला हात लावू नका, आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलू नका. प्रवाळ हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघाइतकेच संरक्षित आहे, विमानतळावर सामान तपासले जाते आणि मुलांनी भाबडेपणाने खिशात घातलेल्या तुकड्यांवरून कुटुंबांना खोळंबून राहावे लागते.

वंडूरहून निघणारी जॉली बॉय या बेटाची फेरीही आपल्या कागदावर आहे. हे बेट ज्यात येते ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान 1983 मध्ये स्थापन झाले, त्यात 15 बेटे आहेत आणि प्लॅस्टिकवर तिथे कडक बंदी आहे. पाण्याची बाटलीसुद्धा तशी नेता येत नाही. ही शिस्त डोळ्यांना जाणवते, पाणी तिथे फारच स्वच्छ आहे. अडचण एवढीच की मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. हलत्या पाण्यात लहान बोटीत उतरावे लागते आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते जड जाते. तेव्हा त्या दिवशी आपण आणि मुलगी जॉली बॉयला जा, आणि आई-वडिलांना नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर पाठवा. बोट तिथे थोड्या मिनिटांत पोहोचते. 1942 पर्यंत इंग्रजांचे अंदमानमधले मुख्य ठाणे या लहानशा बेटावर होते. आज तिथल्या चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंती वडा-पिंपळाच्या कुळातल्या झाडांनी मुळांच्या जाळ्यात इतक्या घट्ट धरल्या आहेत, की विटा गेल्या तरी मुळांच्या आकारावरून खिडकी कुठे होती ते कळते. हरणे अगदी जवळ येतात. सगळे बेट सावकाश पाहायला दोन-अडीच तास पुरतात.

सेल्युलर जेल अर्थातच पाहावे. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाच्या, पाकळ्यांसारख्या पसरलेल्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर 1911 ते 1921 अशी दहा वर्षे तिथे होते, आणि मराठी माणूस त्यांची कोठडी पाहिल्याशिवाय परतत नाही. माझे सांगणे एवढेच की ती पाहून झाल्यावर गच्चीवर जावे आणि तिन्ही बाजूंना दिसणारा समुद्र पाहावा. इतके सुंदर पाणी इतक्या जवळ होते आणि कोठड्यांची रचना अशी होती की प्रत्येक कोठडीतून समोरच्या इमारतीची पाठच दिसावी.

बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी आपण वगळावेत, असे मी आग्रहाने सांगते. रस्त्याने जायचे तर पहाटे निघून जिरकाटांगच्या नाक्याहून वाहनांच्या ताफ्यात सामील व्हावे लागते आणि तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. त्यांचे छायाचित्र घेणे, त्यांना खाऊ देणे हा 1956 च्या संरक्षण नियमावलीनुसार गुन्हा आहे, आणि तरीही ताफ्यातल्या खिडक्यांतून कोणाची नजर काय शोधत असते ते मी पाहिले आहे. मी स्वतः 2012 नंतर त्या रस्त्याने एकही गट नेलेला नाही. खारफुटीची भव्यता पाहायची तर ती स्वराज द्वीपाच्या खाडीतही आहे.

त्या खाडीतच एक गोष्ट आपल्या मुलीसाठी राखून ठेवा. आपल्या सात दिवसांत अमावास्या किंवा तिच्या आसपासची रात्र येत असेल, तर अनुभवी वाटाड्याबरोबर रात्री कयाक, म्हणजे वल्ह्याची लहान होडी घेऊन खारफुटीत जाता येते. पूर्ण अंधार हवा, मोबाईल बंद हवा. वल्हे पाण्यात पडले की त्याच्याभोवती निळसर उजेड फुटतो आणि विरतो; हात बुडवून बाहेर काढला, तर मनगटावरून उजेडाचे थेंब ओघळतात. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले गेले की ते असे उजळतात. कोकणातही काही रात्री लाटा चमकतात, ते नाते हेच. पौर्णिमेला जाऊन उपयोग नाही, म्हणून इथेही पुन्हा तिथीच पाहायची.

राहिले शहीद द्वीप, आणि आपल्या कुटुंबासाठी मला तेच सर्वांत योग्य वाटते. बेट सपाट आहे, लहान आहे, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ते वसवले आणि गावांना सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी नावे दिली. भातशेती, केळी, भाजीचे मळे, सुपारीच्या बागा. रस्त्याने जाताना एखाद्या वळणावर आपण वेंगुर्ल्याजवळ आहोत असे वाटते. इथे दोन रात्री राहा. भरतपूरचा किनारा धक्क्याला लागूनच आहे, पाणी उथळ आणि संथ असते, आणि काचतळाच्या होडीत चढायला आईंना फार वाकावे लागणार नाही. होडीवाल्याला आधी विचारून सकाळी आठ-नऊच्या सुमाराची, भरती चढत असलेली वेळ मिळते का ते पाहा. ऊन तिरपे असले की काचेवर चमक येते, फार उंच आले की वारा सुटून पाणी शहारते. आईंना होडीच्या मध्यावर, काचेच्या लांब कडेला बसवा आणि डोक्यावरून साडीचा पदर किंवा पंचा पुढे ओढून काचेवर सावली धरायला सांगा. तेवढ्याने वरचे आकाश काचेतून नाहीसे होते आणि तळ दिसू लागतो. माझ्याबरोबर आलेल्या एका शहात्तर वर्षांच्या आजींनी असाच पदर धरला होता. होडी किनाऱ्याला लागली तरी त्या मान वर करेनात, आणि शेवटी होडीवाल्याने पैसे न घेता त्यांना आणखी एक फेरी मारून आणली.